संशोधनाची जकात

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या मोहल्ल्यात दोन विद्यार्थिनी आल्या. हातात प्लॅस्टिकच्या बाटल्या आणि वही. मशिदीशेजारच्या बोअरचं पाणी त्यांनी भरून घेतलं, बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. मग घरोघरी जाऊन विचारलं, हे पाणी किती वर्षं पिता, कुणाला पोटाचा त्रास आहे का. बायकांनी चहा पाजला, मनापासून माहिती दिली. ‘निकाल आला की सांगतो’ म्हणून मुली गेल्या. निकाल आला असेल, प्रबंधात छापलाही गेला असेल. आमच्यापर्यंत तो आजही आलेला नाही. बोअर मात्र चालू आहे.

दोष त्या मुलींचा नाही. निकाल लोकांना सांगणं हाही संशोधनाचाच भाग आहे, हे त्यांना कुणी शिकवलेलंच नसणार.

संशोधन कुणी लपवून ठेवतं, असंही नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2009 च्या नियमांनी पीएच.डी.च्या प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणं बंधनकारक केलं. हे प्रबंध ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. आपल्या शिवाजी विद्यापीठाचेही तिथं आहेत. पण विज्ञानातले बहुतेक प्रबंध इंग्रजीत, दीड-दोनशे पानांचे, तक्त्यांनी भरलेले. 2025 पासून केंद्र सरकारनं ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना सुरू केली. तीन वर्षांसाठी सुमारे 6000 कोटी रुपये खर्चून जवळपास 13 हजार संशोधन नियतकालिकं सरकारी शिक्षणसंस्थांना खुली झाली. चांगलंच झालं. पण हा पैसा ज्यांच्या करातून येतो, त्या माणसाला त्यातलं एक पानही त्याच्या भाषेत मिळत नाही.

यावर प्राध्यापक मंडळींचं उत्तर ठरलेलं असतं : ‘सामान्य लोकांना हे कळणार नाही.’

त्यांनी पावसाळ्यात कोल्हापूरच्या कुठल्याही चहाच्या गाड्यावर उभं राहावं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांवर गेली की इशारा आणि 43 फुटांवर धोका, हे इथं शाळकरी पोरालाही पाठ असतं. राधानगरीचा कितवा स्वयंचलित दरवाजा उघडला, किती क्युसेक पाणी सुटलं, अलमट्टीतून विसर्ग किती, यावर रिक्षावाले तासभर बोलतात. 2019 आणि 2021 मध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं, तेव्हा याच आकड्यांवरून लोकांनी जनावरं सोडवली, सामान माडीवर चढवलं. हे शास्त्रीय आकडेच आहेत. ते रोज, वेळेवर आणि मराठीत सांगितले जातात, म्हणून कळतात. त्याच नदीचं पाणी किती दूषित आहे, हा आकडाही असाच सांगितला तर तोही कळेल.

न सांगण्याची किंमत साधी नसते. 2012 मध्ये इचलकरंजीत दूषित पाण्यातून काविळीची साथ पसरली, माणसं दगावली. आणि जिथं विज्ञान पोचत नाही, तिथं अफवा पोचते. 2020 मध्ये मुसलमानांमुळे कोरोना पसरतो म्हणून भाजीवाल्यांना गल्लीतून हाकलण्यात आलं. पुढच्याच वर्षी आपल्याच मोहल्ल्यांत ‘लस घेतली की मूल होत नाही’ हा मेसेज फिरत होता. पहिल्या अफवेनं आपला अपमान झाला, दुसरीनं आपणच आपलं नुकसान करून घेतलं. दोन्ही वेळा विषाणू म्हणजे काय, लस कशी काम करते, हे गल्लीत येऊन मराठीत सांगणारा माणूस हवा होता.

ज्ञान लोकांच्या भाषेत आणण्याची परंपरा या शहराला नवी नाही. राजर्षी शाहू महाराजांनी 1906 मध्ये मुस्लिम बोर्डिंग उभं केलं आणि कुरआनचं मराठी भाषांतर व्हावं म्हणून आर्थिक मदतही केली. मराठी मुसलमानाला आपला धर्मग्रंथ आपल्या भाषेत कळावा, हे त्या राजाला सुचलं. याच कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर सही मागणाऱ्या मुलांना सांगत, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, उत्तरासोबत सही मिळेल. एवढा मोठा खगोलशास्त्रज्ञ पोस्टकार्ड लिहीत होता. आपल्या मशिदींतही जुम्म्याचा खुतबा अरबीत होतो, पण त्याआधी लोकांना कळेल अशा भाषेत बयान होतं. त्यानं खुतब्याचं महत्त्व कमी होत नाही.

म्हणून माझी सूचना साधी आहे. जकात अडीच टक्के असते. 200 पानांच्या प्रबंधाची जकात होते पाच पानं. प्रत्येक संशोधकानं ही पाच पानं सोप्या मराठीत लिहावीत : काय तपासलं, काय आढळलं, काय अजून नक्की सांगता येत नाही आणि लोकांनी काय करावं. ती दिल्याशिवाय विद्यापीठानं प्रबंध स्वीकारू नये. सोपं करताना विषय चुकीचा मांडला जाईल, ही भीती खरी आहे. म्हणूनच ते काम दुसऱ्या कुणावर न सोडता संशोधकानंच करावं. मार्गदर्शकानं ती पानं तपासावीत आणि या कामाला बढतीच्या गुणांतही जागा असावी.

जकात हा देणाऱ्याचा उपकार नसतो, घेणाऱ्याचा हक्क असतो. आणि ती आधी जवळच्यांना द्यायची असते. तेव्हा ही पानं सर्वांत आधी जिथून नमुने घेतले तिथं जावीत : ग्रामपंचायतीत, तालमीत, मशिदीच्या फलकावर, करवीर नगर वाचन मंदिरासारख्या वाचनालयात.

हक्क मागावाही लागतो. आपण तो मागितला नाही, ही आपली चूक. त्या दिवशी आमच्यापैकी एकानंही त्या मुलींचं नाव, फोन नंबर लिहून घेतला नाही. पुन्हा कुणी बाटल्या घेऊन आलं तर पाणी द्यायचं, चहाही पाजायचा आणि जाताना सांगायचं : बेटा, आमची पाच पानं आणून दे.