हाडातलं रेशीम

आठवीच्या तासाला रेशमाचा कोष दाखवत होतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. अनुया निसळ आणि सहकाऱ्यांनी रेशमातल्या फायब्रॉइन या प्रथिनापासून हाडातली पोकळी भरणारा सच्छिद्र पदार्थ तयार केला. त्या छिद्रांत नवं हाड वाढतं.

गव्हाणचा एक मुलगा उठला, "सर, पुरुषांना तर रेशीम हराम. अब्बांच्या हाडात कसं चालेल?"

बुखारी शरीफमध्ये आहे, खाजेचा त्रास होता म्हणून हजरत जुबैर आणि हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांना नबी (स.) यांनी रेशीम वापरायची मुभा दिली. शौक वेगळा, इलाज वेगळा.

मुलं असं विचारतील तेव्हा दटावू नका. आलिमांना विचारा, डॉक्टरांनाही विचारा.