लाल विंचू, नसांवरचं विष आणि महाडच्या डॉक्टरांचे शोधनिबंध : खर्डा परिसराने त्यातून काय घ्यावं?

खर्डा (ता. जामखेड) : बांधावरचे दगड हलवताना, सरपण काढताना, अंधारात चप्पल न झटकता पाय घालताना विंचू डसतो, हे या डोंगराळ पट्ट्यात कुणाला सांगायची गरज नाही. "विंचवानं माणूस मरत नाही, रात्रभर बोंबलतो" असंही म्हणतात. काळ्या विंचवाबाबत ते बहुतेक वेळा खरं आहे. लाल विंचवाबाबत मात्र ही समजूत जीवावर बेतू शकते, लहान लेकरांच्या तर जास्तच.

हे शास्त्राला पटवून देणारा माणूस कुठल्या मोठ्या प्रयोगशाळेतला नव्हता. डॉ. हिंमतराव बावस्कर मूळचे जालना जिल्ह्यातले. १९७०च्या दशकात ते रायगड जिल्ह्यात महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तिथं विंचूदंशाचे रुग्ण डोळ्यांदेखत जात होते. त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून घाम, उलटी, नाडी, रक्तदाब यांच्या नोंदी ठेवल्या. त्यातूनच १९८२ साली लंडनच्या 'लॅन्सेट'मध्ये धोक्याच्या पूर्वलक्षणांवर त्यांचा निबंध आला.

विष करतं काय? नसांमध्ये सोडियमसाठी बारीक दारं असतात. ती क्षणभर उघडतात आणि मिटतात, तेव्हाच नस संदेश पुढं नेते. लाल विंचवाचं विष ही दारं मिटूच देत नाही. नसा सारख्या पेटत राहतात, अंगात अ‍ॅड्रिनलीनसारख्या रसायनांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकतं आणि फुप्फुसात पाणी भरतं. म्हणजे डंख बोटाला, पण मार बसतो तो मज्जासंस्थेतून थेट काळजाला. एक उलटी गोष्ट इथं ध्यानात ठेवण्यासारखी आहे. नुसतीच जागेवर भयंकर आग होणारा रुग्ण बहुधा वाचतो. उलट्या, दरदरून घाम आणि हातपाय गार पडलेल्याचं दुखणं कमी वाटलं तरी धोका मोठा असतो.

आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करायला त्यांनी रक्तदाबाची एक साधी, स्वस्त गोळी वापरली : प्राझोसिन. १९८६ साली त्यावरचा निबंध 'लॅन्सेट'मध्ये आला, सहलेखिका होत्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर. गंभीर रुग्णांतलं मृत्यूचं प्रमाण पूर्वी ३० ते ४० टक्के सांगितलं जाई. ते १ टक्क्याच्या आसपास आलं.

दोघं तिथंच थांबले नाहीत. विंचवाच्या विषावरचं प्रतिविष आल्यावर, ते दिल्यानं खरंच फरक पडतो का, हे त्यांनी महाडमध्येच ७० रुग्णांवर तपासलं. निम्म्यांना फक्त प्राझोसिन, निम्म्यांना प्राझोसिन आणि प्रतिविष. १० तासांत पूर्ण बरे झाले पहिल्या गटात ३५ पैकी ८, दुसऱ्या गटात ३५ पैकी ३२. हे २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापून आलं. स्वतःच्याच गाजलेल्या औषधाला आणखी जोड लागते, हे असं उघड मांडायला मन मोठं लागतं. २०२२ साली डॉ. बावस्करांना पद्मश्री जाहीर झाली.

आज वैद्यकीय महाविद्यालयांत बढतीसाठी शोधनिबंध लागतात, म्हणून ते मोजले जातात. बावस्करांचे निबंध मोजण्याचं माप वेगळं आहे : तालुक्याच्या ठिकाणी रात्री दोनला आलेल्या लेकराला नेमकी कुठली गोळी मिळते? संशोधन झालं महाडला, पण गोळी खर्ड्याच्या कपाटात नसेल तर इथल्या माणसाला त्या निबंधाचा उपयोग शून्य.

म्हणून ग्रामसभेत दोनच प्रश्न विचारायचे आहेत. आरोग्य केंद्रात प्राझोसिन आहे का, मुदत संपलेलं तर नाही ना? विंचवाचं प्रतिविष जवळात जवळ कुठं मिळतं? सापाचं प्रतिविष विंचवावर चालत नाही, तेव्हा "लस आहे" एवढ्या उत्तरावर परत फिरू नये. गोळी मात्र घरी आणून स्वतःच्या मनानं देऊ नये. रक्तदाब एकदम उतरून रुग्ण उभा राहताच कोसळू शकतो, म्हणून ती आडवं झोपवून, डॉक्टरांच्या नजरेखालीच देतात.

आणि डंखानंतर मंत्र उतरवून घेण्यात, दोरी आवळण्यात पहिला तास जातो, तोच तास महागात पडतो. घाम सुटला किंवा उलटी झाली, की गाडी काढायची.