दाखला आणि वाट

कोजागिरीच्या सुमारास सोलापूर-तुळजापूर रस्ता वाहनांना बंद होतो. ट्रक, एसटी दुसरीकडून वळवल्या जातात आणि चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरची डांबरी वाट तुळजाभवानी आईच्या दर्शनाला पायी निघालेल्यांची होते. चालणाऱ्यांसाठी रस्ता मोकळा करणं प्रशासनाला जमतं, ते असं. आम्हा दिव्यांगांचं दुखणं उरलेल्या वर्षाचं आहे.

धाराशिवच्या बाजारात कुबडी घेऊन निघालं की डोळे कायम जमिनीवर. गटारावरच्या फरशा हाच फुटपाथ. त्यातली एखादी हलते, एखादी नसतेच. पुढे दुचाक्यांची रांग, मग विजेची डीपी, मग फळांचा गाडा. धडधाकट माणूस खाली उतरून वळसा घालतो. तीनचाकी सायकलवाल्याला चढायलाच उतार नसतो, त्यामुळे तो पहिल्यापासून ट्रकच्या शेजारी. अंध माणसाच्या काठीला गाडा कळतो. टपरीचा पुढे आलेला पत्रा मात्र थेट कपाळालाच कळतो.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शिकेत याची उत्तरं आहेत: फुटपाथची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर, डोक्यावर २.२ मीटरपर्यंत काही नको, कडेची उंची १५ सेंटीमीटरच्या आत. २०१६ साली दिव्यांग हक्क कायदा आला. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अडथळा नसलेला फुटपाथ हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि तो दिव्यांगांना वापरता आला पाहिजे, असंही बजावलं.

पैशाचीही सोय आहे. स्थानिक संस्थांनी स्वउत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी राखायचे असतात. ३ डिसेंबरला, दिव्यांग दिनी, सायकली वाटल्या जातात, फोटो निघतात. सायकल चालवायची कुठे, हे कुणी विचारत नाही.

गाडेवाल्याशी आमचं भांडण नाही. त्याला जागा आखून द्या, आम्हाला आमची द्या. अख्खं शहर एका दमात बदला, असंही म्हणणं नाही. बसस्थानक ते सरकारी दवाखाना एवढी एक वाट आधी नीट करा. कळंब, भूम, परंड्याहून माणसं अपंगत्वाच्या दाखल्यासाठी याच वाटेने येतात. आपल्याला चालता येत नाही हे सरकारला पटवायला निघालेल्या माणसाला निदान तिथवर तरी धड पोचता यावं.