अ‍ॅल्युमिनियमचे काम गल्लीतच व्हावे

आम्ही कापडवाले, वेल्डिंगमधले आम्हाला काय कळते, असे कोणी म्हणेल. पण लूमच्या बीमची अ‍ॅल्युमिनियमची फ्लँज तडकली की खर्च आमच्याच गल्ल्यातून जातो. लोखंडाचा सांधा आपल्या मोहल्ल्यात तासाभरात होतो. अ‍ॅल्युमिनियम म्हटले की कारागीर हात वर करतो.

एकदा आम्ही आग्रहाने लोखंडाच्याच मशीनवर, तोच कार्बन डायऑक्साइड गॅस लावून जोड करून घेतला. सांधा काळा, आतून जाळीदार. बीम चढवताच सुटला. चूक आमची होती.

हे धातू ६६० अंशांना वितळते, त्यावरचा ऑक्साइडचा पापुद्रा मात्र दोन हजार अंशांच्या पुढे. म्हणून आधी तेल पुसावे, मग स्टेनलेसच्या ब्रशने घासावे आणि गॅस शुद्ध अरगॉनच वापरावा. तार इतकी नरम, की लांब नळीतून ढकलली तर खराब बॉबिनवरच्या सुतासारखी गुंतते. स्पूल गनमध्ये छोटी रीळ आणि मोटर गनवरच असते. तारेला वीतभरच जावे लागते. रीळ लवकर संपते, हात भरून येतो, हेही खरे.

प्रत्येक मिग मशीनला ही गन बसत नाही, विचारूनच घ्यावी. दोन-तीन वर्कशॉपवाल्यांनी मिळून एक घ्यायला काय हरकत आहे? आणि आम्ही व्यापाऱ्यांनी सरावासाठी मोडक्या फ्लँज फुकट द्याव्यात. आमच्या गोदामात चार पडल्या आहेत. मात्र मधल्या भोकापाशी तडा असेल तर जोडू नका, नवीच घ्या.