लंडनमध्ये दोन सायकली

लंडनमध्ये वाहने आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालतात. सायकल चालवणाऱ्या आपल्या माणसाची अर्धी भीती तिथेच जाते. उरलेली अर्धी त्या लाल दुमजली बसगाड्यांची असते, आणि ती काही जात नाही.

आमची मुलगी शिष्यवृत्तीवर तिकडे शिकते. खोलीचे भाडे आणि जेवण यांतच बहुतेक पैसा संपतो, म्हणून तिने एक जुनी सायकल घेतली. ही बातमी सावेडीत येऊन पोहोचली तेव्हापासून आमच्या घरात कोणाला धड झोप नाही. एवढ्या मोठ्या परक्या शहरात, थंडीपावसात, अंधारात पोरीने एकटीने सायकलवर फिरायचे! निवृत्तीच्या पैशातून आम्ही तिकीट काढले, तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी एकच काम सांगितले, "तिची सायकल तेवढी बंद करून या."

मुलगी वाद घालत बसली नाही. म्हणाली, "पप्पा, दोन दिवस माझ्याबरोबर चालवून बघा, मग सांगा." आता पाइपलाइन रोडवरून नागापूरच्या एमआयडीसीत वर्षानुवर्षे सायकल मारलेल्या माणसाने नाही कसे म्हणायचे?

लंडनमध्ये भाड्याच्या सायकलींची सोय 2010 च्या जुलैपासून आहे. रस्त्याच्या कडेला सायकली ओळीने अडकवलेल्या असतात. बँकेचे कार्ड लावायचे, एका ठिकाणाहून सायकल काढायची आणि दुसऱ्या ठिकाणी अडकवून टाकायची. भाडे अर्ध्या तासाच्या हिशेबाने. सायकल मात्र आपल्या दूधवाल्याच्या सायकलीसारखी जड, पण तीन गिअर असल्याने चढावर दम लागत नाही. मुलगी तिच्या सायकलवर पुढे आणि आम्ही मागे. लहानपणी तिला शिकवताना आम्ही सीट धरून मागे धावत होतो. आता ती हात बाहेर काढून वळण दाखवते आणि आम्ही तसेच करतो. असो.

पहिल्या दिवशी गेलो ते किंग हेन्रीज रोडवरील 10 नंबरच्या घरी. बाबासाहेब 1921-22 मध्ये तिथे राहत होते. दारावर तशी निळी पाटी आहे. महाराष्ट्र शासनाने 2015 मध्ये हे घर घेतले. पुढे तिथे स्मारक ठेवायला परवानगी नाही असा पेच स्थानिक पालिकेकडून निघाला, तो 2020 च्या मार्चमध्ये सुटला. 1916 मध्ये बाबासाहेब लंडनला आले, दुसऱ्या वर्षी शिक्षण अर्धवट टाकून परतले, 1920 मध्ये नोकरीतली शिल्लक आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून उसने घेतलेले पैसे घेऊन पुन्हा आले, हे सारे वाचकांना पाठ आहे. आम्हालाही पाठ होते. पण घर आणि ग्रंथालय यांमध्ये अंतर किती, हे कधी मनात आले नव्हते. ते पायडल मारताना कळले. प्रिमरोज हिलच्या कडेने, रीजंट्स पार्कच्या झाडीतून, ब्लूम्सबरीतल्या विटांच्या घरांमधून ब्रिटिश म्युझियमपर्यंत चार किलोमीटर. तेथून लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणखी एक. म्हणजे आमचे घर ते कारखाना होते, साधारण तेवढेच. त्या अंतराचा घाम आमच्या ओळखीचा होता.

म्युझियमचे ते गोल वाचनालय जागेवर आहे, पण पुस्तके 1997 च्या सुमारास सेंट पँक्रासच्या नव्या ब्रिटिश लायब्ररीत गेली. इंडिया ऑफिसची जुनी कागदपत्रेही तिथेच आहेत. मुलगी तिथे वाचायला जाते. बाहेर सायकल बांधायला लोखंडी कड्या आहेत. मात्र समोरचा युस्टन रोड पाहून आमच्या पोटात गोळा आला. तिथे आम्ही उतरून, सायकल हातात धरून, पादचाऱ्यांच्या दिव्यावर रस्ता ओलांडला.

दुसऱ्या दिवशी थेम्स नदीकाठी गेलो. तिथे 2016 पासून सायकलींना वेगळा रस्ता आहे, मधे दगडी कड घालून मोटारींपासून तोडलेला. कोट घातलेले साहेब लोक, कामावर निघालेल्या बाया, पोटार्थी पोरे, सगळे त्या एका रस्त्याने सायकलवर! पुष्कळ सिग्नलला तर मोटारींच्या पुढे सायकलवाल्यांसाठी चौकोन आखलेला असतो. दहा लाखांची मोटार मागे उभी आणि आम्ही तिच्या पुढे एक पाय टेकून. आमच्या वडिलांना गावात चावडीसमोर सायकलवरून उतरून, ती हाताने ढकलत जावे लागे. त्या चौकोनात उभे असताना त्यांची आठवण झाली. आपल्याकडे पोराच्या हाती पहिला पगार आला की तो आधी सायकल विकून टाकतो. त्याला नावे कशी ठेवणार? रस्त्याने आजवर त्याला कडेलाच लोटले.

तिकडेही सगळे गोड नाही. डावीकडे वळणाऱ्या मोठ्या ट्रकच्या आतल्या अंगाला सायकल अडकून तिथे पुष्कळ माणसे गेली आहेत. ड्रायव्हरला त्या बाजूचे नीट दिसत नाही. म्हणून उभ्या ट्रकच्या डाव्या फटीतून पुढे घुसायचे नाही, हा मुलीचा पहिला नियम. सायकलवर डबलसीट चालत नाही, फुटपाथवर चालवली तर दंड, रात्री पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा हवाच. हे नियम नगरमध्येही पाळायला कोणाची हरकत नसावी.

सायकल बंद झाली नाही. मुलीचा मागचा दिवा मिणमिणता होता, तो बदलून घेतला. अंगात घालायचे चमकते जाकीट घेतले. युस्टन रोड चालतच ओलांडायचा आणि रात्री उशीर झाला तर नेहमीच्या वर्दळीच्या रस्त्यानेच यायचे, असे तिच्याकडून कबूल करून घेतले. सौभाग्यवतींना फोनवर हे सांगितले तेव्हा पलीकडून बराच वेळ आवाज नाही. मग त्यांनी विचारले, "आणि बर्फ पडला तर?"

बर्फ पडला तर ती बसने जाणार आहे.