न तुटलेला परंतु न समजलेला कॉल

कॉल तुटला नाहीं म्हणजे संभाषण झालें, अशी हिशेब ठेवणारांची समजूत दिसते. बांधावर फोन कानाशीं धरून उभा राहिलेला शेतकरी ती मान्य करणार नाहीं. कॉल चालू असतो, पण पलीकडचा मनुष्य विहिरींत तोंड घालून बोलल्यासारखा ऐकूं येतो, आणि व्यापाऱ्यानें कांद्याचा भाव अठराशें सांगितला कीं आठशें, हें उमगत नाहीं. औषधाचें प्रमाण पंपास पंधरा मिली कीं पन्नास, येथें तर उभें पीकच पणास लागतें.

जुना तारेचा टेलिफोन सुमारें ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच ध्वनि नेत असे. तरी यांत्रिक अंकांत रूपांतर झाल्यावर त्यास सेकंदास ६४,००० बिट मिळत. दुसऱ्या पिढीच्या मोबाइलनें तें काम १३,००० बिटांत भागविलें, आणि गर्दी झाली कीं अर्ध्या दराच्या पद्धतीनें ५,६०० बिटांत. एका बैठकीवर दोन उतारू बसवावे, तसाच हा प्रकार. चौथ्या पिढींत ५० ते ७००० हर्ट्झपर्यंतचा भरदार आवाज नेण्याची सोय झाली. शहरांत तो मिळतोही, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. परंतु त्यासाठीं दोन्हीं टोकांचे संच आणि मधलें सर्व जाळें त्या योग्यतेचें लागतें. शिवाय या पद्धतींत एका सेकंदाच्या आवाजाचे पन्नास तुकडे करून पाठवितात, व वेळेवर न पोंचलेला तुकडा टाकून देतात. टॉवर दूर असला कीं असे तुकडे गळतात. ‘अठराशें’मधील ‘रा’ जातो तो येथें.

२०१५ सालीं भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणानें तुटलेल्या कॉलामागें ग्राहकास एक रुपया, दिवसास अधिकांत अधिक तीन, देण्याचा नियम केला; मे २०१६ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें तो रद्द ठरविला. तो टिकता, तरी न समजलेल्या कॉलाची त्यांत दाद नव्हती. प्राधिकरण मोटार फिरवून चाचण्या घेतें, त्यांत आवाजाचीही परीक्षा होते. पण मोटार सडकेनें जाते, शिवारांत उतरत नाहीं.

लिहून पाठवा, असें शहाणे लोक सांगतात. ज्याचे हात चिखलांत आहेत, किंवा ज्यास अक्षरओळख नाहीं, त्यानें काय करावें? किसान कॉल सेंटर २००४ सालीं निघालें, तें शेतकऱ्यानें बोलून विचारावें व ऐकून समजून घ्यावें यासाठींच ना?

आमच्या मतें संघाच्या प्रत्येक गांवशाखेनें एक वही घालावी. तींत तारीख, वेळ, गट नंबर, कंपनीचें नांव व दोषाचा प्रकार लिहावा. तोंडी गाऱ्हाण्यास दप्तरांत जागा नसते, हें ज्यानें दप्तर सांभाळलें आहे त्यास ठाऊक आहे. कंपनीच्या तक्रार केंद्राकडून नोंदीचा क्रमांक अवश्य घ्यावा. समाधान न झाल्यास त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जातां येतें. एकट्यादुकट्याच्या अर्जापेक्षां पन्नास नोंदींची वही घेऊन गेलेल्या शाखेस उत्तर देणें कंपनीस टाळतां येणार नाहीं. तूर्त भाव आणि मापें ‘एक, आठ, शून्य, शून्य’ अशीं सुटीं म्हणवून घ्यावीं, आणि आपणही तशींच परत म्हणून दाखवावीं.