विकतचे मूत्रपिंड

मरणाच्या दारी उभ्या असलेल्या रुग्णाने जगण्यासाठी धडपडावे, यात गैर काहीच नाही. परंतु त्यासाठी परदेशी जाऊन दरिद्री माणसाचे मूत्रपिंड विकत घेणे आम्हांस न्याय्य वाटत नाही. विकणाऱ्याची संमती होती, असे म्हणतात. कर्जाने गांजलेल्याच्या संमतीस कितीसा अर्थ? १९९४ च्या कायद्यापूर्वी आखाती देशांतील रुग्ण याच खरेदीसाठी मुंबईस येत, हे या शहराने विसरू नये. इस्रायलने २००८ साली कायदा करून अशा शस्त्रक्रियेस विम्याचे पैसे नाकारले. त्याचबरोबर दानपत्र भरणाऱ्यांस प्रतीक्षायादीत अग्रक्रम दिला. मार्ग हाच आहे. मरणोत्तर दानास जो समाज कचरतो, त्याने रुग्णास कोणत्या तोंडाने उपदेश करावा?